अंगठ्याएवढी जागा

मला हात न लावता काही बघता येत नाही. बाजारात टोमॅटो दिसला की मी तो दाबून बघणार. नव्या रंगवलेल्या दारावर ‘रंग ओला आहे’ असं लिहिलेलं असलं की तो खरंच ओला आहे का, हे बोट लावून बघणार. घरचे याला चाळा म्हणतात. मी मात्र त्याला तपासणी म्हणत आलो, अगदी गेल्या थंडीपर्यंत.

त्या थंडीत माझी दोन कामं एकमेकांच्या अंगावर आली होती. नारायणगावच्या अलीकडे आमची थोडी द्राक्षबाग आहे. ती वडील, आमचे आप्पा, बघायचे. दिवाळीनंतर त्यांचा गुडघा धरला तो धरलाच आणि बागेचं सकाळचं काम माझ्याकडे आलं. बिबट्यामुळे उजाडल्याशिवाय बागेत कोणी शिरत नाही. उजाडलं की पानांवर दव आहे तोवर भुरीचं, म्हणजे पांढऱ्या बुरशीचं, पिवळं औषध धुरळायचं, आंघोळ करायची, उभ्यानंच दोन घास खायचे आणि साडेआठला कळंबला कामावर हजर व्हायचं. मोटारसायकलवर बसलो की बागेतलं राहिलेलं काम आठवायचं आणि कामावर पोचलो की घरी काहीतरी विसरलोय असं वाटायचं. जीव म्हणून कुठे थाऱ्यावर नव्हता.

कळंबला रस्त्यापासून थोडं आत आमचं शेड आहे. आम्ही नऊ माणसं. काम एकच. दूध थंड ठेवायच्या टाक्यांची झाकणं घट्ट बसावीत म्हणून स्टीलच्या रिंगांवर सिलिकॉन रबर बसवून द्यायचं. कच्चं रबर रिंगवर गुंडाळायचं, साच्यात घालायचं आणि गरम प्रेसमध्ये दाबायचं. तिथे ते पिकतं, म्हणजे उष्णतेनं पक्कं होतं, आणि पिकता पिकता स्टीलला धरतं. धरलं पाहिजे, असं म्हणू या.

कारण सिलिकॉन ही मुळातच कशाला न चिकटणारी चीज. म्हणून तर केकची भांडी त्याची करतात. असल्या रबरानं स्टीलला वर्षानुवर्षं धरून राहावं असं वाटत असेल तर दोन सोयी कराव्या लागतात. एक म्हणजे स्टीलवर प्रायमरचा पातळ हात. दुसरी म्हणजे रबर मळतानाच त्यात घालायचे पदार्थ. आमच्याकडे पिकावर मारतात त्याला औषध म्हणतात, तसं रबरात घालतात त्यालाही औषधच. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेला, त्यामुळे शेडमधली सगळी औषधं माझ्या ताब्यात. रबराला ताकद यावी म्हणून पांढरी भुकटी, उष्णता सोसावी म्हणून लाल, मऊ राहावं म्हणून थोडं तेल आणि स्टील धरावं म्हणून जोडाचं औषध. हे शेवटचं अगदी मोजक्या थेंबांत.

यातलं प्रत्येक औषध दुसऱ्याच्या वाटेत येतं, हीच तर गंमत आहे. तेल जास्त झालं की ते हळूहळू घामासारखं बाहेर येतं आणि रबर न् स्टीलच्या मध्ये जाऊन बसतं. पांढरी भुकटी जास्त झाली की रबर इतकं ताठरतं की स्टीलवरच्या बारीक खाचांत शिरतच नाही. जोडाचं औषध कमी पडलं तर जोड सुटतो. जास्त झालं तर रबर स्टीलला धरतं तसं साच्यालाही धरून बसतं. आणि या सगळ्याला पिकवणारा जो पदार्थ असतो तो सगळ्यांत नाजूक. गंधकाचा अंश लागला तरी तो काम सोडून देतो. तेवढ्या जागी रबर कच्चंच राहतं. माझ्याच अक्षरात भिंतीवर कागद लावलेला होता, ‘शेडमध्ये गंधक असलेली कोणतीही वस्तू आणू नये.’ त्याखाली दुसरी ओळ होती, ‘एका वेळी एकच बदल करावा.’ दोन्ही ओळी मी लिहिल्या होत्या आणि बाकीच्यांनी पाळल्या होत्या.

प्रायमरच्या टेबलावर एक बाई होती. मी तिला ताई म्हणायचो, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. शिनोलीहून यायची. सकाळची एसटी धरून घोडेगाववरून मंचरला आणि तिथून मिळेल त्या गाडीनं कळंबला. सहा वर्षं ती ते टेबल सांभाळत होती. रिंग बाहेरच्या कडेनं फडक्यात धरायची, आतल्या खाचेतून ब्रश एकदाच फिरवायची, सुरुवात केली तिथेच आणून थांबवायची आणि रिंग लाकडी खुंटीला अडकवायची. आमचा प्रायमर हवेतला ओलावा घेऊन वाळतो. थंडीत हवा कोरडी असते, म्हणून ती खुंट्यांच्या खाली ओलं पोतं टाकून ठेवायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिनं बघून बघून काढलं होतं. वाळलं की नाही हेही ती बघूनच ठरवायची. चमक गेली की वाळलं.

मला ते पटायचं नाही. मी जाता-येता खुंटीवरच्या एखाद्या रिंगमध्ये अंगठा घालायचो आणि खाचेवरून फिरवून बघायचो. वाळलंय, ठीक आहे, पुढे. शेडमध्ये मी दिवसाला किती चकरा मारत असेन याचा हिशेब नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक अख्खी पेटी परत आली. एका डेअरीनं कळवलं होतं की रबर रिंगवरून सुटतंय. आमचे शेठ मंचरचे. पणजोबा राजस्थानातून आले, बाजारपेठेत कापडाचं दुकान टाकलं, दुकान अजून भाऊ चालवतात. शेठ मात्र रबरात पडले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी पेटी माझ्यासमोर ठेवली.

“हे बघा राव,” ते म्हणाले, “कारण शोधा. औषधाचं असेल तर औषध बदलू. माणसाचं असेल तर माणूस बदलू. पण शनिवारपर्यंत सांगा, पुढचा माल थांबलाय.”

तो सोमवार होता.

जोड चांगला असला की पक्कडीनं रबर ओढताना रबर फाटतं, पण स्टील उघडं पडत नाही. मी परत आलेल्या रिंगा एकामागून एक ओढून बघितल्या. बहुतेक ठिकाणी रबर फाटत होतं, म्हणजे चांगलं होतं. पण प्रत्येक वाईट रिंगेत एक छोटी जागा अशी होती की तिथे रबर अलगद निघून यायचं. खाली स्टील स्वच्छ आणि रबराची आतली बाजू कच्च्या कणकेसारखी चिकट. जागा लांबट, बोटभर रुंद. तिथून सुरू होऊन मग सगळीकडे सुटत गेलेलं.

कोणीही शांत डोक्याचा माणूस त्या जागेकडे दोन मिनिटं बघत बसला असता. मी दोन मिनिटं बसत नाही. मी ताबडतोब औषधांकडे धावलो.

मंगळवारी मी तेल कमी केलं, पांढरी भुकटी कमी केली आणि जोडाचं औषध दुप्पट केलं. तिन्ही एकदम. भिंतीवरचा कागद माझ्या पाठीमागेच होता. दुपारी प्रेस उघडला तर रबर साच्यालाच धरून बसलेलं. प्रेस चालवणारा माझ्याच वयाचा, पेठ घाटाकडचा, तोंडाचा फटकळ. पितळेची सळई घेऊन तो दोन तास साचा खरवडत होता.

“लई पक्कं चिकटलंय भाऊ,” तो म्हणाला. “आता साच्यासकट टाकीला बसवायचं का?”

बाकीचे हसले. मी चिडलो आणि बुधवारी जोडाचं औषध निम्म्यावर आणलं. मग जोडच कमकुवत झाला. गुरुवारी पुन्हा पहिल्या मापावर आलो तरी अधूनमधून तीच बोटभर जागा सुटत होती. तीन दिवसांत मी एवढा घोळ घालून ठेवला की कुठला दोष आधीचा आणि कुठला माझा, हेच कळेना. सकाळी बागेत औषध धुरळताना डोक्यात रबर आणि शेडमध्ये डोक्यात बाग. भुरी वाढली तर, माल थांबला तर, हेच चालू. जेवायला बसलो की पाय हलत राहायचा. बायको म्हणाली, “पाय तरी ठेवा एका जागी, ताट हलतंय.”

औषधं संपली तसा मी माणसांवर आलो. आधी गंधक आठवलं. शेडमध्ये कुठून येईल? पिवळ्या रबरी हातमोज्यांत असतं, हे मला ठाऊक होतं. मी गुरुवारी संध्याकाळी सगळे हातमोजे गोळा करून कचऱ्यात टाकले. काळे रबरबँड टाकले. एकाच्या डब्याला गुंडाळलेली जुनी सायकलची ट्यूब होती, तीसुद्धा काढायला लावली. सगळीकडे शोधलं आणि सापडलं नाही, म्हणून मग माझं मन हाताला लागलेल्या तेलाकडे वळलं. बोटभर जागा, म्हणजे बोट लागलंय किंवा ब्रश चुकलाय. दोन्ही रस्ते प्रायमरच्या टेबलाकडे जात होते.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणालो, “हात दाखवा.”

शाळेत नखं बघतात तसं. हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात. मी एकेकाचे हात उलटेपालटे करून बघितले आणि वाकून वास घेतला. प्रेसवाल्याचे हात ग्रीसचे, पॅकिंगवाल्या दोघींचे पुठ्ठ्याचे. शेवटी ताई. तिनं हात पुढे केले तेव्हा तिची मान खाली होती. बाईमाणसाच्या हातांचा असा चारचौघांत वास घ्यायचा नसतो, हे मला कोणी सांगायला हवं होतं असं नाही. पण मी घेतला. खोबरेल तेलाचा वास आला.

“ताई, हे काय?”

“काल न्हाले, सकाळी डोक्याला तेल लावलं भाऊ. हात धुतले की. आन मी रिंगंला कुठं हात लावते? ब्रशनं तर काम करते.”

“नकळत लागतंच.”

“मग तुमी बी नका लावू,” ती म्हणाली. आवाज बारीक होता पण ऐकू येईल एवढा. “तुमचा अंगठा रोज फिरतो माझ्या रिंगांवरनं. वाळू तर द्या त्येला.”

“मी तपासतो,” मी म्हणालो. “तपासणं आणि हात लावणं यात फरक आहे.”

शनिवारी मी शेठना सांगितलं की दोष प्रायमरच्या टेबलावर आहे. सहा वर्षं काम करतेय बाई, शेठ म्हणाले, एकदा नीट बघा. मी म्हणालो, बघितलंय. संध्याकाळी तिला सांगण्यात आलं की काही दिवस येऊ नका, गरज लागली की बोलावू. खरं तर ते मीच सांगितलं. तिनं तिचा ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्यानं पुसला, टेबलावर आडवा ठेवला आणि पिशवी घेऊन निघाली. भंगाराच्या पेटीपाशी ती क्षणभर वाकलेली मी बघितली होती. चप्पल नीट करत असेल असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पॅकिंगवाल्यांपैकी एक प्रायमरच्या टेबलावर बसली. त्या कामाला नवीन, म्हणून मी जास्त लक्ष ठेवलं. आधी दहातली एखादी रिंग तपासायचो, आता प्रत्येक तपासली, काही दोनदा. त्या आठवड्यात सुटणाऱ्या रिंगा कमी होण्याऐवजी वाढल्या, इतक्या की प्रेसवाला मोजायचं सोडून नुसता माझ्याकडे बघायला लागला. शेठ म्हणाले, “आता कोण बदलायचं, राव?” ते हसत म्हणाले की खरंच विचारत होते, ते मला कळलं नाही. मी घरी जाताना दोनदा चुकीच्या गिअरमध्ये गाडी घातली.

रविवारी दुपारी बायको अंगणात बसून दंतमंजनानं तिची जोडवी घासत होती. मला म्हणाली, “अंगठी द्या इकडं.”

माझ्या उजव्या हातात आईनं दिलेली चांदीची अंगठी असते. मी ती काढून दिली.

“बघा,” ती म्हणाली. “औषध मारताना काढून ठेवा म्हणलं तर ऐकत नाय. काळी ठिक्कर पडली.”

“औषधानं?”

“मग कशानं? दिवाळीला पांढरीशुभ्र व्हती. आप्पा मारायचे तवा त्यांचं कडं असंच काळं व्हायचं.”

चांदी कशानं काळी पडते हे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. मी उठून ओट्याजवळच्या पोत्याकडे गेलो. हातानं उलटं केलं. वडिलांच्या तोंडी कायम ‘भुरीचं औषध’, म्हणून माझ्याही तोंडी तेच. पण पोत्यावर वीतभर अक्षरात छापलेलं होतं, गंधक. महिनाभर मी त्या पोत्यात रोज सकाळी हात घालत होतो. साबणानं हात धुऊनच निघायचो, हे खरं. पण थंडीनं अंगठ्याला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत पिवळी रेघ होती. शेडमधलं सगळं गंधक मी हुडकून बाहेर फेकलं होतं, दुसऱ्याच्या डब्याच्या ट्यूबसकट. हातमोजे फेकले होते आणि उघडा अंगठा घेऊन रिंगांमधून फिरत होतो. नऊ जणांच्या शेडमध्ये आठ जणांचे हात बघितले होते.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचं तर आधी भीती वाटली. लाज नंतर आली.

सोमवारी मी बागेत नेहमीसारखं औषध मारलं, नेहमीसारखे हात धुतले आणि शेडमध्ये जाऊन तीन रिंगांना स्वतः प्रायमर लावला, ताईच्या पद्धतीनं, खाली ओलं पोतं टाकून. एकीला हात लावला नाही. दुसरीत स्पिरिटनं पुसलेला डावा अंगठा फिरवला. तिसरीत उजवा. जोडाचं औषध, तेल, भुकटी, सगळं जुन्याच मापानं. फक्त अंगठा बदलला. प्रेसमधून निघाल्यावर थंड होईपर्यंत मी शेडभोवती चार फेऱ्या मारल्या. मग पक्कड लावली. पहिली फाटली. दुसरी फाटली. तिसरी अंगठ्याएवढ्या जागेतून सालीसारखी निघून आली आणि आतली बाजू ओलसर, चिकट. मी उजवा अंगठा त्या जागेवर ठेवला. तो तिथे नीट बसला.

मी शेठना आत नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी तीनही रिंगा हातात घेऊन बघितल्या, मग माझा हात बघितला.

“बरं झालं सापडलं,” ते म्हणाले. “आता गावभर कशाला करायचं? औषधाचा लॉट खराब निघाला म्हणा. बाईला बोलावून घ्या. तिचंही राहील, तुमचंही राहील.”

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो. औषधाचा लॉट! औषधाला तोंड नसतं, ते नाही म्हणणार नव्हतं.

मंगळवारी दुपारी मी शिनोलीला गेलो. घोडेगाव सोडल्यावर भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली. एकेका गाडीला मागे टाकताना मी मनात वाक्य घोळवत होतो. ताई रस्त्याच्या कडेच्या एका रानात दुसऱ्याच्या कांद्याच्या लागणीवर होती. सहा-सात बाया वाकून रोपं लावत होत्या. मला बघून ती बांधावर आली, हात कोपरापर्यंत चिखलाचे.

“पावणं म्हणायचं का आता तुमाला?” ती म्हणाली.

मी घोळवलेलं वाक्य बोललो. “ताई, औषधाचा लॉट खराब निघाला. तुमची काही चूक नव्हती. शेठनी सांगितलंय, उद्यापासून या.”

“औषधाचा?”

“हो.”

तिनं पाटाच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले. “चला घरी. आलाय तर च्या घ्या.”

घर दोन बांध ओलांडून होतं. तिचे मालक ओसरीत बसून दोरी वळत होते. त्यांनी राम राम केला. चहाचं पाणी ठेवून ताईनं फळीवरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. आमची एक रिंग होती, भंगारातली. रबर अर्धं सोललेलं, मधोमध ती बोटभर जागा.

ती समोर बसली आणि तिनं आपला अंगठा त्या जागेवर ठेवला. दोन्ही बाजूंनी जागा उरली.

“माझा लई बारका पडतो,” ती म्हणाली. “मग ह्यांचा लावून बघितला. त्यो बराबर बसला. म्हणजी बापयाचा अंगठा हाय ह्यो. त्या टेबलापाशी बापयाचा अंगठा एकाचाच येतो.”

चहाचं पाणी उकळायला लागलं होतं.

“मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?” मी विचारलं. विचारतानाच मला कळलं की हे विचारायला नको होतं.

“सांगितलं व्हतं की. नका लावू म्हणलं व्हतं. तुमी म्हणला, तपासणं निराळं.” तिनं चहात साखर टाकली. “आन आज म्हणताय औषध. भाऊ, मला घरी औषधानं पाठवलं व्हतं का?”

मालकांनी दोरी वळायची थांबवली. माझा पाय हलत होता, तो मी हातानं धरला.

“नाही,” मी म्हणालो. “मी पाठवलं. बागेत गंधक मारून यायचो, तोच हात लावायचो. दोष माझ्या हातात होता.”

“ह्ये मला सांगून काय उपेग? मला ठावं व्हतंच.” तिनं कप माझ्यापुढे सरकवला. “इथं शिनोलीत समदी इचारत्यात, का काढलं म्हणून. मी काय सांगू? तेलकट हात व्हते म्हणू? जितं माझ्या हाताचा वास घेतला तितं सांगा. मग यीन.”

चहा संपवून मी उठलो. निघताना मी म्हणालो, “उद्या या. तुम्ही आल्यावर सांगतो, तुमच्यासमोर.” तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि ती पुन्हा कांद्यात गेली.

मंचरपर्यंत मी तीनदा ठरवलं की शेठ म्हणाले तेच बरं. मी तिथला औषधं जाणणारा माणूस. सगळ्यांनी माझ्या मापावर विश्वास ठेवायचा, तर मी असं उघड्यावर कसं सांगायचं? प्रेसवाला जन्मभर चिडवेल. पण तिन्ही वेळा डोळ्यांसमोर तिचा अंगठा यायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेली जागा. ती जागा बुजवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

बुधवारी मी बागेत गेलो नाही. चुलतभावाला औषध मारायला सांगितलं. कळंबला पोचलो तेव्हा शेड उघडायचं होतं आणि ताई दाराशी पिशवी घेऊन उभी होती. सगळे आत आल्यावर मी मशीनं सुरू करू दिली नाहीत. शेठही बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणाल्यासारखी. मी बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. औषधं चांगली होती. ताईंचा हात स्वच्छ होता. रिंगा माझ्या अंगठ्यानं सुटल्या आणि मी खापर त्यांच्यावर फोडलं. जितकं जास्त तपासलं तितकं जास्त बिघडवलं.

प्रेसवाला काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. तो जमिनीकडे बघत होता.

ताई पुढे आली. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

“भाऊ, हात दाखवा.”

मी दोन्ही हात पुढे केले. रात्री दोनदा आणि सकाळी एकदा घासून धुतले होते, तरी उजव्या अंगठ्याच्या भेगेत पिवळं दिसतच होतं. तिनं माझे हात उलटेपालटे केले नाहीत. वाकली नाही, वास घेतला नाही. शिवलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली आणि तिच्या मागून बाकीच्या सात जणांनी आणि शेठनी बघेपर्यंत थांबली. फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. एका जागी एवढा वेळ न हलता मी कधी उभा राहिलेलो नाही.

“बास,” ती म्हणाली. “घ्या मागं.”

मग तिनं पदर खोचला, पोतं ओलं केलं आणि आडवा ठेवलेला ब्रश उचलला. मला हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मी ते पाठीमागे बांधले. आजही तिच्या टेबलापाशी गेलो की ते आपोआप मागे जातात, आणि रिंग वाळली का हे मी तिला विचारतो.